मागच्या खोलीतलं वाडगं

मु. पो. माले, ता. मुळशी
सोमवार, १९ जानेवारी २०२६

चि. सौ. सोलोंगो हिला आबांचे आशीर्वाद.

आम्ही इथं बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुम्ही तिघं तिकडं खुशाल असाल. आरोहीचा पुढचा दात पडला ते शैलेशनं रविवारी दाखवलं. हसते तेव्हा अगदी तिच्या आजीसारखं तोंड करते.

शैलेश, पाकिटावर तुझं नाव असलं तरी हे पत्र तुझं नाही. सोलोंगोला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, म्हणून तुझं तोंड उसनं घेतोय. तिला समोर बसव आणि शब्दन् शब्द वाच. मधे कुठं तुला वाटेल की एवढं गाळावं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. गाळू नकोस. फोनवर मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा हवापाणी विचारून ठेवून दिलं. कागदावर तसं करता येत नाही. म्हणजे येतं, पण मग कागद फाडावा लागतो. दोन फाडलेत.

तर पोरी, थंडी यंदा बरी आहे. तुझ्या माहेरच्या मुलखात, तुमच्याकडं, उणे तीस म्हणतात, त्यापुढं आमची थंडी म्हणजे काहीच नाही; पण सकाळी धरणाकडून धुकं चढतं ते दहापर्यंत हटत नाही आणि माझे गुडघे तोवर चालायचं नाव काढत नाहीत. वाल चांगला आलाय. तोडायला माणूस नाही. रस्त्याकडचं वावर ज्याला विकलं त्यानं तिथं पोहायचा हौद बांधलाय आणि शनिवार-रविवारी पुण्याची पोरं येऊन ओरडत असतात. शैलेशच्या आईला त्या आवाजानं झोप लागत नाही. की लागते, आणि मलाच लागत नाही, कोण जाणे.

आईचं तुला शैलेशनं सांगितलं असेल. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढं बसल्या बसल्या एका अंगावर कलली. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा गेली. दवाखान्यात अठरा दिवस ठेवलं, मग घरी आणलं. सकाळी धाकट्या भावाची सून, स्नेहल, येऊन तिला अंघोळ घालते, बाकी सगळं माझ्याकडं. कूस बदलायची, पाठ पुसायची, वेणी घालायची. वेणी मला येत नाही. सुतळीला पीळ देतो तसा देतो. ती आरशात बघते आणि डोळे मिटून घेते.

स्वयंपाकही मीच करतो. हस तू. त्रेचाळीस वर्षांत ज्यानं चहाचं आधण ठेवलं नाही तो आता भाताला पाणी किती ते बोटाच्या पेरानं मोजतो. भाकरी जमत नाही. थापता थापता तिचे दोन देश होतात.

खरं संकट वेगळंच आहे. ती खाईना. पेज दिली, मुगाचं कढण दिलं, नाचणीची आंबील दिली. घास गालात धरून ठेवते आणि मी बघत नसलो की सोडून देते. जरा तिखट लागलं की ठसका लागतो आणि माझा जीव जातो. पौडचे डॉक्टर म्हणाले, "आबा, औषध आम्ही देऊ, पण अन्न पोटात जायला पाहिजे. बसवून भरवा, मऊ द्या, थोडं थोडं द्या. अंगात काही उरलेलं नाही त्यांच्या." काय देऊ, विचारलं. म्हणाले, आवडीचं द्या. मी घरी येईपर्यंत विचार करत होतो की हिला काय आवडतं. मला सांगता येईना. मला काय आवडतं ते तिला विचारा, वाचा गेली तरी खुणेनं सांगेल.

तेव्हा तुझा तो रस्सा डोक्यात आला. गुरिलताई शोल. नाव मी वहीत लिहून ठेवलं होतं. तू नवी आली होतीस तेव्हा आई मला सांगायची, "आवो, काय बी न्हाई त्यात. मीठ आन् कांदा. मसाला न्हाई, मिरची न्हाई. आपलं अळणी मटण आन् त्यात चकोल्या. पण पोटाला कसं गरम वाटतं बगा." ती माळकरी नाही, मी आहे. तुम्ही दोघी मागच्या चुलीवर करायचात आणि मागेच बसून खायचात. मी ओट्यावर पेपर धरून बसायचो. पेपर वाचत होतो असं समजू नकोस. वाऱ्यानं वास पुढं यायचा आणि तुम्हा दोघींचं हसणं पण. तू आमच्या मालेचं मराठी शिकलीस, पुण्याचं नाही. "आई, लई मीठ घालू नगं," असं तू म्हणालीस की ती पदर तोंडाला लावून हसायची.

म्हणून मागच्या बुधवारी मी एसटीनं पौडला गेलो. पीरमहंमदचा फारूक आता दुकान बघतो. मला दारात बघून त्यानं हातातला सुरा खाली ठेवला.

"आबा? तुमी? हितं?"

"मटण पायजे. मेंढीचं."

"माळ काढली का काय?"

"घ्यायला आलोय, खायला न्हाई. लीलासाठी, तुझ्या काकीसाठी."

"मंग बोकडाचं न्या की, कवळं हाय."

"न्हाई, मेंढीचंच. चरबीसकट, आन् नळीचं हाड दे." हे मला ठाऊक होतं. बोकडाचं आणलं की तू नाक मुरडायचीस.

फारूक कापता कापता म्हणाला, "व्हय, काकी बी मेंढीचंच न्यायच्या. सुनंच्या बाळंतपणात आल्त्या की. श्रावण हो! श्रावणात आमच्याकडं माशी फिरकत न्हाई. आन् काकी आपल्या मागच्या दाराशी उभ्या, डोक्यावरनं पदर घेऊन. अब्बा म्हनले, काकी, श्रावणात तुमी? तर म्हनल्या, बाळंतिणीला कसला श्रावण? तीनदा आल्त्या. डब्यात घालायच्या आन् वरनं मेथी."

पोरी, मी तिथं बाकड्यावर बसलो. फारूकनं पाणी दिलं. सहा वर्षं मी असं धरून चाललो होतो की ते मटण शैलेशनं आणून ठेवलं होतं. आठच्या गाडीनं बहिणीकडं जाते म्हणून ही तीनदा गेली आणि मेथी घेऊन परत आली, तेव्हा मी तिला म्हणालो होतो की मालेत मेथी मिळत नाही का.

तुला हे ठाऊकच असणार. तुझ्याच हातात तिनं डबा दिला असेल. मला ठाऊक नव्हतं.

आता थांबतो. तिला कुशीवर करायची वेळ झाली.

गुरुवार, २२ जानेवारी

तीन दिवस कागद उशाशी पडून होता. शैलेश, तू इथवर वाचलं असशील तर एकदा पाणी पी आणि मग पुढं वाच.

त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. आरोही सोळा दिवसांची होती. देवळात सप्ता बसलेला होता, आणि त्या दिवशीची पंगत आपल्या घरची होती. बावीस वर्षं मी सप्त्याच्या मंडळाचा प्रमुख. कीर्तनकार बुवा, विणेकरी, सगळे अंगणात पाय धूत होते. आई पुढच्या चुलीवर दोन मोठ्या डेगी घेऊन घामाघूम. शैलेश, तू तुमच्या कागदपत्रांसाठी पुण्याला गेला होतास. आणि सोलोंगो, तुला दूध पुरेना म्हणून तू मागच्या चुलीवर आपलं पातेलं चढवलं होतंस. बाळंतिणीनं मेंढीचा रस्सा प्यायला की दूध येतं, तुझी आई असती तर तिनं हेच दिलं असतं, असं तू आईला सांगितलं होतंस. तुझी आई नाही म्हणूनच आमच्या हिनं तुला बाळंतपणाला इकडं बोलावलं होतं. "आई न्हाई तर मी हाय," असं फोनवर ओरडून म्हणाली होती. तिला वाटतं, लांबचा फोन म्हणजे ओरडावं लागतं.

मंडळातले बंडोपंत पायरीवर बसले होते. त्यांनी नाक वर केलं आणि चारचौघांत हसून म्हणाले, "आबा, वास कसला येतोय ओ?"

एवढंच. बुवांनी तर ऐकलंही नसेल.

मी घरातून मागं गेलो. चुलीपाशी कुणी नव्हतं, तू आरोहीला घ्यायला आत गेली होतीस. खोलीच्या दारातून बाजेवर पसरलेल्या तुझ्या पातळ पोळ्या दिसत होत्या, धोतराच्या फडक्यावर वाळत घातलेल्या. पातेलं उकळत होतं. मी उपरण्यानं धरलं आणि गोठ्यामागं उकिरड्यावर नेऊन पालथं केलं. हात भाजला, त्याची खूण अजून आहे.

मी ओतलं. आईनं नाही.

मी पातेलं तिथंच टाकून पुढं आलो आणि पंगतीत वाढायला उभा राहिलो. चुलीवरचा वास यायचा थांबला म्हणून आईच्या ध्यानात आलं असावं. ती मागं गेली, पातेलं उचललं आणि राखेनं घासायला बसली. तेवढ्यात तू बाहेर आलीस. मी मधल्या दाराआड होतो, ताकाचा गडू न्यायला आलेलो. मला सगळं ऐकू आलं.

तू विचारलंस, "आई, कुठाय?"

ती म्हणाली, "वतलं."

तू म्हणालीस, "तू?"

ती थोडा वेळ घासत राहिली. मग म्हणाली, "व्हय. मी."

मी दाराआडून बाहेर येऊ शकलो असतो. दोन पावलं होती. हातात ताकाचा गडू होता आणि पुढं लोक ताक मागत होते, असं मी स्वतःला सहा वर्षं सांगत आलो.

पंगत उठल्यावर मी तिला म्हणालो, असं कशाला बोललीस? ती म्हणाली, "मंग काय सांगू? तुमी वतलं म्हनून सांगू? सांच्याला शैलेश येईल, तुमी आन् तो एकमेकाच्या अंगावर जाल. तो गेला तर परत न्हाई यायचा. सासवा-सुनांचं काय, चार दिवस तोंड फुगंल, मी मनवीन तिला."

चार दिवस तिनं धरले होते. तू त्या दिवसापासून या घरात वरणभाताशिवाय काही खाल्लं नाहीस, तेही चिमणीएवढं. दूध आटलं. आरोहीला डब्याची पावडर चालू झाली. सव्वा महिना झाला तसे तुम्ही बावधनला खोली घेऊन राहिलात आणि दिवाळीच्या आत विमानात बसलात. शैलेश रविवारी फोन करतो, तू पडद्यावर येत नाहीस. आई दर रविवारी नवी साडी नेसून बसायची. फोन झाला की म्हणायची, "आज कामात आसंल ती."

तुला जास्त कशानं लागलं असेल ते मला आता फारूकच्या बाकड्यावर कळलं. जिनं लपून आणून दिलं तिनंच ओतलं, असं तू समजून चाललीस. परका असता तर विसरली असतीस.

मला हे सगळं सोयीचं होतं. शैलेश माझ्याशी बोलत होता, गावात मान होता, माळ गळ्यात होती. हिला मी एकदाही म्हणालो नाही की आता सांगून टाकू. ती म्हणाली असती तर मी सांगितलं असतं, असंही आता लिहीत होतो. ते खरं नाही, म्हणून खोडलंय. आता तिला वाचाच नाही. म्हणजे आता मी सांगितलं नाही तर कुणीच सांगणार नाही.

तर त्या बुधवारी मटण घेऊन घरी आलो. माळ काढून देवाजवळच्या खुंटीला अडकवली. मागची चूल पेटवली नाही. घरातल्या गॅसवर, तिच्या नेहमीच्या जागेवर पातेलं ठेवलं. हाडं, पाणी, मीठ, मोठा चिरलेला कांदा. कणीक घट्ट भिजवली. तू तवा नुसता कोमट करून पोळी दोन्हीकडून टेकवायचीस, डाग पडू द्यायची नाहीस, ते मी लांबून बघितलं होतं. का टेकवायचीस ते आता कळलं: पहिल्या दिवशी मी तशाच कच्च्या कापल्या तर रश्श्यात सगळा लगदा झाला. सुरीनं कापायला जमेना, म्हणून विळीवर चिरल्या. एक करंगळीएवढी, एक पट्ट्याएवढी. तुझ्या कशा सगळ्या सारख्या असायच्या.

मिठाचं अडलं. चाखायला घरात कोण? थोडा वेळ पळी धरून उभा राहिलो. मग चाखलं. अळणी होतं. मीठ टाकलं, पुन्हा चाखलं.

तेवढ्यात बंडोपंत आले. त्यांची आता नजर गेलीय, काठी टेकत येतात, आईची चौकशी करून जातात. उंबऱ्यात थांबले आणि नाक वर केलं.

"आबा, वास कसला येतोय ओ?"

"मेंढीचा," मी म्हणालो. "सुनेचा रस्सा करतोय."

ते काठीनं उंबरा चाचपून आत आले आणि पाटावर बसले. म्हणाले, "हाडाचं चांगलं शिजू द्या. दात न्हाईत तिला." सहा वर्षांपूर्वी एवढंच उत्तर द्यायचं होतं, पोरी. काही कोसळलं नसतं.

आईला उशा लावून बसवलं. वाडग्यात रस्सा घेतला, चकोल्यांचा लगदा चमच्यानं आणखी बारीक केला. तिनं वाडग्याकडं बघितलं. नाकाशी नेलं तसे तिचे डोळे मोठे झाले. मग डाव्या हातानं तिनं वाडगं सरकवलं. मला वाटलं, संपलं, हेही नको. पुन्हा पुढं केलं, पुन्हा सरकवलं, आणि तोच हात मागच्या दाराकडं नेला. तुझ्या खोलीकडं.

"तिला," ती म्हणाली.

चार महिन्यांत पहिला शब्द. मला कळेना कुणाला. ती चिडली. मान हलवून पुन्हा म्हणाली, "तिला."

मी वाडगं घेऊन मागच्या खोलीत गेलो. तिथं आता तांदळाची पोती आहेत. तुझी बाज तशीच भिंतीला लागून आहे. मी बाजेवर वाडगं ठेवलं आणि उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही, रश्श्यावर साय धरली एवढं खरं. मग वाडगं उचलून परत आलो आणि तिला म्हणालो, "प्याली."

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "समदं?"

"समदं," मी म्हणालो.

तेव्हा तिनं तोंड उघडलं. अर्धं वाडगं प्याली. गालात काही धरलं नाही.

तेव्हापासून दिवसाआड करतो. दर वेळी आधी वाडगं मागच्या खोलीत न्यावं लागतं, बाजेवर ठेवावं लागतं आणि येऊन सांगावं लागतं की तू प्यालीस. नाहीतर ती तोंड उघडत नाही. एकदा आळस केला, दारापर्यंत जाऊन परत फिरलो. तिला कसं कळलं देव जाणे, ओठ आवळून बसली.

मी फार दमलोय, सोलोंगो. गुडघ्यांनी, पाठीनं, ते तर आहेच. पण त्या खोलीत जाऊन यायला दहा पावलं लागतात आणि तेवढ्यानं मी सगळ्यात जास्त दमतो.

परत ये असं म्हणायला मला तोंड नाही, म्हणत नाही. मला माफ कर असंही या पत्रात लिहीत नाही, ते मागायचं दार मी ताकाचा गडू घेऊन उभा होतो तेव्हा बंद झालं. माझं मागणं आईसाठी आहे. रविवारी शैलेश फोन करेल तेव्हा एकदा पुढं येऊन बस. हातात तुझ्या हातचा रस्सा असू दे. काही बोलली नाहीस तरी चालेल. फक्त तिच्याकडं बघून पी, वाडगं तळापर्यंत रिकामं होऊ दे आणि तिला दाखव. डॉक्टरांनी दिवस मोजून दिलेले नाहीत, पण मी रोज तिची पाठ पुसतो, मला हाडं कळतात.

आणि पोळी तव्यावर नक्की किती वेळ टेकवायची, तेवढं शैलेशला सांगून ठेव. माझी अजून मधेच फुटते.

आरोहीला आशीर्वाद. पत्राखाली आबा लिहायची सवय आहे, पण तो शब्द तू पुन्हा म्हणालीस तरच माझा. तोवर,

श्रावणातल्या पंगतीच्या दिवशी तुझं पातेलं उकिरड्यावर पालथं करणारा,
हैबतराव